जाते म्हणू नये

सहा चमचे एकाएकी थांबले. सातवा त्याआधीच थांबला होता.

 जेवणाच्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यावरून एक थेंब ओघळला, आणि साऱ्या खोलीने जणू तोच ऐकला. मावशी दाराशी उभी होती. तिच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात एका मुलाचे बोट. दाढ सुजल्यामुळे त्या मुलाचे कालपासून 'फुगा' असे नामकरण झाले होते. दातांच्या डॉक्टरने साडेबाराची वेळ दिली होती. मावशी फक्त एवढेच म्हणाली होती, "येते हं मी."

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या मुलीने चमचा ताटात ठेवला, काचेचे काही ठेवावे इतक्या जपून. मग तिने खुर्चीखालची कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली. पायांत बूट होते. बूट नेहमीच असत. खेळताना, अभ्यासाला बसताना, अगदी अंथरुणावर पडेपर्यंत. म्हणून मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिला नाव देऊन टाकले होते: पाहुणी.

"झालं!" चौदा वर्षांची वकीलबाई म्हणाली. या घरात शेवटचा शब्द नेहमी तिचा असे. "आता ही रात्रीपर्यंत घास घेणार नाही. मावशी, तू दर वेळी हिला करतेस तरी काय?"

"तू आपलं ताट बघ," मावशी म्हणाली. पण तिचे स्वतःचे पाऊल उंबऱ्यावर अडखळले होते.

घर दुमजली होते, गल्लीतल्या इतर घरांसारखेच. फाटकावर पाटी नव्हती, आणि ते मुद्दामच. ज्यांचे आईबाप होते पण जवळ नव्हते, ज्यांना दुसऱ्या कुटुंबात ठेवून पाहिले आणि जमले नाही, अशी आठ मुले इथे राहत. चाळीस खाटांच्या संस्थेपेक्षा आठ उशांचे घर बरे, एवढाच त्यामागचा विचार. प्रत्येक उशीचा अभ्रा वेगळ्या रंगाचा होता. टॉवेलांवर ज्याने त्याने आपापली खूण दोऱ्याने भरली होती. कुणाचा मासा, कुणाचे चाक, वकीलबाईचा तराजू. मावशी सकाळी सहाला येई आणि दुपारी चारला धाकट्या मावशीच्या हाती घर सोपवून निघे. स्वयंपाकाला काकू होत्या. त्यांचा हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ.

पाहुणीच्या टॉवेलावर अजून काहीच नव्हते. तिला येऊन सहा आठवडे झाले होते.

आणि सहा आठवड्यांत ती सात वर्षांची पोर वाळत चालली होती. सकाळी ती थोडेफार खाई. दुपारी ताट अर्धे राही. रात्री तर नुसती ताटाकडे बघत बसे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, जंताचे औषध झाले. मागच्या गुरुवारी देखरेखीला येणाऱ्या ऑफिसच्या ताईने काट्यावर उभे केले तेव्हा आकडा सतरा किलो शंभर ग्रॅमवर थांबला. ताई मनाने चांगली होती. म्हणूनच तिला बोलायला जड गेले.

"मावशी, पुढच्या गुरुवारी सतराच्या खाली गेलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही. मोठ्या संस्थेत दवाखाना आहे, नर्स आहे. तिकडे पाठवावं लागेल."

"मोठ्या संस्थेत," मावशी म्हणाली.

"तुम्ही होता ना तिथं पूर्वी? तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

मावशीला सगळे माहीत होते.  जिन्याच्या कठड्यावर ठेवलेला हात तिने चटका बसावा तसा उचलला.

या घरातल्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. त्यांपैकी मावशी दहाच चढत असे. खालून तिसरी पायरी ती गाळायची. हातात धुण्याची बादली असो, कडेवर ताप आलेले मूल असो, तिचा पाय दुसरीवरून थेट चौथीवर पडे. मुलांच्या नजरेतून असले काही सुटत नाही. "तिसऱ्या पायरीवर कुणीतरी बसलंय," असा निकाल वकीलबाईने कधीच देऊन टाकला होता. धाकटी पोरे उतरताना तिथे "सरका हो, सरका" असे म्हणत. मावशी हसायची. हसताना तिचे डोळे पायरीकडे जात नसत.

सव्वीस वर्षांपूर्वी, मोठ्या संस्थेत, लांबच लांब व्हरांड्याच्या टोकाला असाच एक जिना होता. मावशी तेव्हा चोवीस वर्षांची होती, आणि चाळीस मुलींमधली एक मुलगी तिच्या पदराची गाठ होऊन बसली होती. दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. एका शुक्रवारी चार वाजता सुटलेली वेणी बांधून मावशी म्हणाली, "येते गं." शनिवारी निरोप आला की आईला झटका आला आहे. ती घरी धावली. आई अंथरुणाला खिळली, आठवड्याचे महिने झाले, संस्थेतली तिची जागा भरली गेली. दोन वर्षांनी बाजारात एक जुनी सहकारीण भेटली. बोलता बोलता म्हणाली, "तुझी ती वेणीवाली! रोज चारला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायची बघ. एकोणीस दिवस बसली."

"आणि मग?"

"मग विसाव्या दिवशी नाही बसली. शहाणी झाली."

त्या एकोणीस दिवसांचे ओझे मावशीने कसेबसे वाहिले असते. विसावा दिवस मात्र तिला पेलला नाही. एखादे मूल शहाणे होते, म्हणजे त्याच्या आत नेमके काय विझते, हे तिला पुढे कुणी सांगितले नाही आणि तिने कुणाला विचारले नाही. नंतर मावशी ज्या ज्या घरात राहिली, ज्या ज्या जिन्यावरून चढली, तिथे तिसऱ्या पायरीवर कुणीतरी आधीच येऊन बसलेले असे.

आणि पाहुणी आली त्या पहिल्याच दुपारी, घर दाखवून झाल्यावर, कुणी काही न सांगता नेमकी त्याच पायरीवर जाऊन बसली होती. भिंतीला अगदी चिकटून, अर्धी पायरी मोकळी सोडून.

"अगं, मधे बस की ऐसपैस," मावशी म्हणाली होती. 

"जागा ठेवलीय."

"कुणाला?"

पाहुणीने मोकळ्या अर्ध्या पायरीकडे पाहिले, मग मावशीकडे, आणि पिशवी अधिक जवळ ओढून घेतली.

दाढ दाखवून मावशी परतली तेव्हा दीड वाजला होता. पाहुणीचे ताट जसेच्या तसे होते, आणि ती दारासमोर बुटांची टोके जुळवून उभी होती. मावशीला पाहून ती मुकाट्याने मागे वळली. सुटकेचा नाही की रागाचा नाही, असा तो चेहरा मावशीने पूर्वी कधी पाहिलेला नव्हता, कारण पूर्वी तो पाहायला ती तिथे नव्हती.

तीन वाजता अभ्यास सुरू झाला. वकीलबाई व्याकरणाचे पुस्तक घेऊन मावशीसमोर बसली.

"'ती येते.' काळ ओळखा," तिने वाचले. "वर्तमानकाळ. 'ती जाते.' हाही वर्तमानकाळ. मावशी, एक शंका."

"विचार. तुझ्या शंकेला कुठं तोटा आहे!"

"तू रोज चारला जातेस. मग 'येते' का म्हणतेस?"

"जाते म्हणू नये."

"का?"

"नाही म्हणू. जाणाऱ्यानं 'जातो' म्हटलं की तो परत येत नाही, असं म्हणतात. म्हणून 'येते' म्हणायचं."

वकीलबाईने पेन्सिल कानावर खोचली. "आणि 'येते' म्हणणारे सगळे येतात?"

 ओट्यापाशी काकूंचा विळीवरचा हात थांबला. समोरच्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर, बुटांचा एक जोड अगदी स्तब्ध झाला.

"हरकत मंजूर," वकीलबाई हळूच म्हणाली. आपण काय बोलून गेलो, हे तिलाही अर्धवट कळले असावे.

मावशी उठली आणि तिने कपाटातून पाहुणीची फाईल काढली. ती तिने दहा वेळा वाचली होती. पहिल्या पानावर नोंद होती: मुलगी उपाहारगृहात टेबलाशी एकटी बसलेली आढळली. पायांत बूट, जवळ कापडी पिशवी. समोर रिकामी ताटली. आईबद्दल विचारले असता, आई येते, असे सांगते. त्याखाली दुसऱ्या शाईत ताईचे अक्षर: आई भेटायला येते असे दिसते. रविवारी भेटीची वेळ राखून ठेवावी.

आणि सहा रविवार त्यांनी ती राखून ठेवली होती. दर रविवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत एक जादा खुर्ची मांडली जाई, शेजारच्या तिपाईवर पाण्याचा पेला झाकून ठेवला जाई, आणि पाहुणीचे केस विंचरून तिला समोर बसवले जाई. बारा वाजता कुणीतरी खुर्ची उचलून नेई. नोंद करणाऱ्याची चूक नव्हती, ताईची नव्हती, मावशीचीही नव्हती. पोरीने आईची सवय सांगितली नव्हती. आईचा शेवटचा शब्द तिने जसाच्या तसा उचलून त्यांच्या हातावर ठेवला होता, आणि चार शहाण्या माणसांनी त्याचा वर्तमानकाळ केला होता.

फाईल मिटून मावशी जिन्यापाशी गेली. दुसऱ्या पायरीवर बसली. तिसरीच्या इतक्या जवळ ती या घरात कधी बसली नव्हती. मोकळ्या अर्ध्या पायरीवरून गार हवा यावी तसे तिला वाटले. दार तर बंद होते.

"आई जाताना काय म्हणाली होती गं?"

 पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून झाला, सोडून झाला.

"खाऊन घे. येते."

"मग तू खाल्लंस?"

"सगळं." पाहुणीने मान खाली घातली. "पटकन खाल्लं. हळू खायला हवं होतं."

मावशीला क्षणभर समजले नाही. मग एकदम समजले. या घरात रोज चार वाजता ती दारात उभी राहून तोच शब्द म्हणत होती, आणि ही पोर रोज ताट न संपवता मावशीला परत आणत होती. ताटात घास उरला आहे तोवर माणूस येऊ शकते. पोटाला चिमटा घेऊन घेऊन ती मावशीला राखत होती.

चार वाजले. धाकटी मावशी आली, चपला मांडणीत सरकवून आत गेली. मावशीने पर्स घेतली आणि पाहुणीसमोर गुडघे टेकले.

"मी आता जाते," ती म्हणाली.

"अगं बाई!" काकूंच्या हातातले पातेले वाजले. "जाते काय म्हणतेस! दिवस कलता झालाय, शुभ बोल जरा. जिभेला काही हाड?"

"जातेय तर जाते म्हणू दे, काकू."

"अगं, पण तोंडातून असलं काढू नये. माझी आत्या एकदा अशीच..."

"तुमची आत्या त्र्याण्णव वर्षं जगली, काकू. तुम्हीच सांगितलंत." मावशी पुन्हा वळली. "मी जाते. घरी जाते, जेवते, झोपते. सकाळी सहाला इथं असेन. तू खाल्लंस तरी असेन, नाही खाल्लंस तरी असेन. ताटाचा आणि माझ्या येण्याचा काही संबंध नाही. कळलं?"

 त्या रात्री पाहुणी जेवली नाही. रस्त्याने चालताना मावशीला आपलाच शब्द मागून येतो आहे असे वाटत राहिले. उघड्या पायांनी, थोडे अंतर राखून. ती वळून पाहत नव्हती. पहाटे पाचलाच ती उठून बसली, आणि सहाला पाच कमी असताना तिने फाटक लोटले. तिसऱ्या पायरीवर बुटांची जोडी होती आणि तिच्या वर दोन टक्क डोळे. ते डोळे मावशीवरून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले आणि परत आले.

मंगळवारीही तसेच झाले. बुधवारी संध्याकाळी धाकट्या मावशीचा फोन आला. ती कुजबुजत होती, जणू मोठ्याने बोलले तर मोडेल. "मावशी, ताट पुसून खाल्लं. दुसऱ्यांदा भात मागितला."

घरात तर या शब्दाचा सुळसुळाट झाला. मुलांना नियम मोडायला मिळाला की आणखी काय हवे? फुगा शाळेत बाईंना म्हणाला, "बाई, मी जातो. कायमचा नाही, पाणी प्यायला." बाईंनी वहीत शेरा मारून पाठवला. काकू मात्र दर खेपेला कानांवर हात ठेवत. "या घरात आता शुभ बोलायला मीच एकटी उरले," असे भांड्यांना सांगत.

गुरुवारी ताई आली. काटा मांडला गेला. पाहुणी बूट न काढता वर चढू लागली तेव्हा ताई म्हणाली, "बूट मागच्या वेळीही होतेच, असू देत." आकडा डगमगला, पुढे गेला, मागे आला आणि सतरा किलो चारशेवर स्थिरावला. ताईने चष्मा काढून पुसला, परत वाकून पाहिले. मावशीने तिला बाजूला नेऊन फाईलमधली ती ओळ दाखवली. ताईने ती वाचली, मग आपल्या शाईतली खालची ओळ वाचली, आणि तिचा चेहरा उतरला.

"सहा रविवार खुर्ची मांडली आपण," ती म्हणाली.

"हो."

"काढून ठेवा ती. मुलगी इथंच राहील, मी तसं लिहिते." तिने लिहिले, सही केली, पिशवी खांद्याला लावली. दारात सवयीने हसून म्हणाली, "बराय, येते मी."

"हरकत!" वकीलबाई टेबलावर मूठ आपटून ओरडली. सगळी मुले खिदळली.

ताई गोंधळली, मग तिच्या ध्यानात आले. "चुकले, चुकले. जाते मी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, अकरा वाजता. चालेल का, वकीलसाहेब?"

"नोंद घेतली आहे."

फाटक वाजले. हसणे विरले, मुले मागच्या अंगणात पळाली. काकूंनी भांडी घासायला घेतली. मावशी बैठकीच्या खोलीत गेली आणि ती जादा खुर्ची उचलू लागली. उचलताना तिला कुणाची तरी नजर जाणवली. पाहुणी दारात उभी होती. ती हसली नव्हती, हे मावशीच्या आता ध्यानात आले. सगळे हसत होते तेव्हा ती काहीतरी जुळवत होती.

"मावशी."

"काय गं?"

"ताई आधी येते म्हणाल्या. मग जाते म्हणाल्या."

"हो."

"दोन्ही एकच ना?"

मावशीने खुर्ची खाली ठेवली. "मोठी माणसं जाताना तसं म्हणतात."

"म्हणजे येते म्हणजे जाते."

"कधी कधी."

पाहुणीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मग आई म्हणाली ते कुठलं होतं?"

भांड्यांचा आवाज थांबला होता. शब्दाला चिरून उघडायला मावशीनेच शिकवले होते. आता आत जे निघाले ते पोरीच्या ओंजळीत होते आणि ते परत शिवता येणार नव्हते. एक जुना, मऊ, गोड शब्द मावशीच्या जिभेवर आपणहून आला. येईल गं. सव्वीस वर्षे तो शब्द तिथेच दबा धरून होता. तो म्हणणे किती सोपे होते! त्याच सोपेपणाने कुणीतरी एकोणीस दिवस पायरीवर बसले होते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आई येईल का, ते मला खरंच माहीत नाही. पण तू खाल्लंस म्हणून ती गेली नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. तू हळू खाल्लं असतंस, ताट भरलेलं असतं, तरीही ती गेली असती."

पाहुणी रडली नाही. ती जिन्यापाशी गेली, तिसऱ्या पायरीवर भिंतीशी बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. ते बूट ती नाड्या न सोडताच काढत-घालत आली होती; सहा आठवड्यांच्या गाठी, त्या सुटेनात. मावशीचा हात पुढे झाला आणि मागे आला. ती बघत राहिली. एक गाठ सुटली. मग दुसरी. आत मोज्यांना टाचेशी भोके पडली होती. पाहुणीने मोजेही काढले. मग दोन्ही बूट उचलून, इतके दिवस जी अर्धी पायरी मोकळी ठेवली होती तिच्यावर, टोके दाराकडे करून, शेजारी शेजारी नीट मांडले.

"अगं, तिथं नको," मावशी म्हणाली. "खाली मांडणी आहे ना, सगळ्यांचे तिथंच असतात."

पाहुणी उठून उभी राहिली.

"कुणासाठी ठेवलेस गं ते?" मावशीचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "आईसाठी? की तिथं आणखी कुणी..."

पाहुणीने चौथ्या पायरीवर पाय ठेवला, मग पाचवीवर. तिने मागे पाहिले नाही. उघड्या पावलांचा ओलसर, बारीक आवाज एकेक पायरी वर जात राहिला, आणि अकराव्या पायरीनंतर तोही ऐकू येईनासा झाला.